आधी सायकली वर

गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंनी जिन्याखालचं दार उघडलं आणि दिवा लागायच्या आधीच मला वास आला. चुना, ओल, गंजलेलं लोखंड आणि चेनला घालायचं तेल. जर्मनीतल्या पासाउला पोहोचून आम्हाला जेमतेम चार तास झाले होते, भाड्याच्या सायकली नुकत्याच ताब्यात मिळाल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डॅन्यूबच्या काठाने व्हिएन्नाकडे निघणार होतो. परक्या देशात नाकाला एक ओळखीची गोष्ट सापडली आणि ती ही निघाली. दिवा लागला. भिंतीवर, बाईंच्या डोक्याच्याही वर, एक निळी रेघ होती आणि शेजारी 2013 असं लिहिलेलं. बाई सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी टाचा उंचावून हात त्या रेघेला लावला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, पाणी इथपर्यंत. मग खोलीतल्या सायकलींकडे बोट करून म्हणाल्या, पाणी येतंय असं कळलं की आधी सायकली वर, मग बाकीचं सामान. फ्रिज गेला, गाद्या गेल्या, कागद गेले, सायकली राहिल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी सहज विचारलं, तुमच्या गावाला नदी आहे?

मी म्हणाले, "आहे. लहान आहे."

झोपताना ते 'लहान' मनात टोचत राहिलं. मी सांगलीची. कृष्णेला लहान म्हणणारं माणूस आमच्या गावभागात कुणी उभं केलं नसतं. महाबळेश्वरापासून बंगालच्या उपसागरापर्यंत सुमारे 1400 किलोमीटर वाहणारी नदी, आणि मी तिला एका शब्दात ओढा करून टाकलं. इंग्रजी कमी पडलं म्हणावं तर तसंही नाही, 'बिग' हा शब्द मला येतो. खरं तर बाईंनी पुढे काही विचारू नये म्हणून मी तो शब्द वापरला. पुढचा प्रश्न कोणता येणार हे मला ठाऊक होतं. तुमच्या सायकली?

सकाळी निघायच्या आधी आम्ही जुन्या टाउन हॉलच्या भिंतीपाशी गेलो. पासाउला येणारा प्रत्येक जण इथे फोटो काढतो. भिंतीवर पुराच्या रेघा कोरलेल्या आहेत, वर्षांसकट. सगळ्यात वर 1501, तिच्या खाली 2013, मग 1595, 1954. जून 2013 मध्ये पाणी 12.89 मीटरपर्यंत चढलं, पाचशे वर्षांत तेवढं चढलं नव्हतं. मी लगेच मनात फूट केले, साधारण 42. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवर आमची इशारा पातळी 40 फूट आणि धोक्याची 45. दोन्हीकडच्या पट्ट्यांचं शून्य वेगळं, नद्या वेगळ्या, तुलनेला काही अर्थ नाही हे कळत होतं, तरी ती झालीच. सांगलीकर माणूस पावसाळ्यात पुण्यात असो की बंगळुरात, सकाळी घरी फोन लावला की तब्येत नंतर विचारतो. पहिला प्रश्न, आयर्विनला किती? 2005 साली 53 च्या वर, 2019 साली 57 च्या वर. हे आकडे आम्हाला घरातल्यांच्या जन्मतारखांसारखे पाठ आहेत. फक्त आमच्याकडे ते असे दगडात कोरून चौकात लावलेले नाहीत. कुणाच्या दुकानाच्या शटरवर ऑइलपेंटने, कुणाच्या देवघराच्या भिंतीवर पेन्सिलीने. पुढच्या दिवाळीला रंग काढला की रेघ जाते. मला ते चालतं, का चालत नाही, हे त्या भिंतीपुढे उभी असताना ठरवता आलं नाही. रोज भाजी आणायला जाताना डोक्यावर ती रेघ पाहायची म्हणजे काय होत असेल? शेजारी एक मुलगा पाठ भिंतीला लावून उभा होता आणि त्याची आई हसत त्याची उंची कुठल्या सालाला लागते ते बघत होती. तो कुठल्याच सालाला लागत नव्हता.

तिथून जमिनीच्या टोकाला गेलो. इथे तीन नद्या मिळतात. डाव्या हाताने इल्झ येते, दलदलीच्या रानातून आलेली, काळ्या चहासारखी. उजव्या हाताने इन, आल्प्सच्या बर्फाचं पाणी घेऊन, दूध घातल्यासारखी हिरवट. मध्ये डॅन्यूब. थोडं अंतर तिघी एकमेकींना न मिसळता शेजारून वाहतात, उंचावरून पाहिलं तर तीन पट्टे वेगळे दिसतात. वर्षभराच्या सरासरीत इनचं पाणी डॅन्यूबपेक्षा जास्त भरतं, पण संगमानंतर नाव डॅन्यूबचंच राहतं. हे वाचल्यावर मला हरिपूरची वारणा आठवली. आप्पा, माझे वडील, मला सायकलच्या दांडीवर बसवून हरिपूरला न्यायचे, संगमेश्वराला. त्या रस्त्याला दुतर्फा चिंचा होत्या. दांडीवर टॉवेल गुंडाळलेला असायचा तरी मांडीला वळ उठायचा. संगमावर ते मला खाली उतरवायचे आणि म्हणायचे, बघ, ही वारणा, हिचं नाव इथं संपलं. मी विचारायची, तिला वाईट वाटत नसेल? ते म्हणायचे, तिला कुठं ठाऊक आहे तिचं नाव वारणा आहे ते. पासाउच्या टोकाला बाकावर बसून आम्ही चकली खाल्ली आणि निघालो.

पहिल्या दिवसाचे पहिले पाच किलोमीटर कुणालाच नीट जमत नसावेत. पुण्यात चार महिने सराव केला होता, पानशेत झालं, मुळशी झालं, पण तिथे सायकल रिकामी असायची. इथे मागच्या चाकाला दोन्हीकडे पिशव्या, म्हणजे वळताना मागून कुणीतरी पदर धरल्यासारखं वाटतं. सीट एक बोटभर उंच होती. ब्रेकचे हात आपल्या उलट, कुठला पुढचा आणि कुठला मागचा, हे बोटांना शिकवायला अर्धा तास गेला. शिवाय रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं. समोरून माणसं येत होती आणि प्रत्येक जण काहीतरी म्हणून जात होता, मॉर्गन, सेर्वुस, ग्रुस गॉट. मी पहिल्या तिघांना नुसती मान हलवली, चौथ्याला नमस्कार म्हणाले. त्यानेही हसून तोच शब्द परत करायचा प्रयत्न केला. ओबेर्नझेलपर्यंत वाट मोठ्या रस्त्याला लागून जाते, ट्रकचा आवाज सतत कानाशी. मग मोठा रस्ता नदीला सोडून वर डोंगरात जातो आणि काठाला शांत वाट उरते. एका बाजूला दाट झाडी, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि दोन्हीच्या मध्ये आपल्या टायरचा आवाज. ओल्या पानांवरून तो वेगळा येतो, खडीवरून वेगळा. सप्टेंबरची सुरुवात होती, सफरचंदं झाडाखाली पडून आंबली होती आणि त्यांच्यावर गांधीलमाश्या.

काठावर किलोमीटरच्या पाट्या दिसायला लागल्या. आकडा कमी होत चाललेला. 2215, 2214, 2213. डॅन्यूबची मोजणी मुखाकडून उगमाकडे करतात. शून्य तिकडे काळ्या समुद्रापाशी, सुलिनाला. म्हणजे आम्ही पासाउला 2225 च्या आसपास निघालो होतो आणि प्रत्येक पाटी सांगत होती की समुद्र अजून इतका लांब आहे. ही सायकलवाट त्याहून लांब आहे, फ्रान्समध्ये अटलांटिकच्या काठापासून काळ्या समुद्रापर्यंत. आम्ही तिचा व्हिएन्नापर्यंतचा सव्वातीनशे किलोमीटरचा तुकडा करणार होतो. मला ती उलटी मोजणी फार आवडली. नवरा पुढे होता, तो प्रत्येक पाटीला मोठ्याने आकडा म्हणायचा आणि मी मागून. दोन-तीन पाट्यांनंतर लक्षात आलं, मी आकडे लहानपणी आप्पांच्या मागे बसून म्हणायचे तसेच म्हणते आहे, शेवटचा स्वर ओढून.

आप्पा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खणलेली खोल कोठारं, त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची, किडायची नाही. कुणाची किती पोती कुठल्या पेवात, हे त्यांच्या वहीत. पेव उघडलं की आधी वाफ जाऊ द्यायची, मग कंदील सोडून बघायचा, विझला नाही तर माणूस उतरायचा. आप्पा काठावर उभे राहून पोती मोजायचे आणि मी सायकल धरून उभी असायची, कारण स्टँड ढिलं होतं. काळी ॲटलास, चोवीस इंची. तिच्या हँडलच्या मुठींना हळदीचा वास होता. शर्टाला होता, वहीला होता, त्यांच्या हातच्या चहालाही होता. शाळेत मुली म्हणायच्या, तू पिवळी दिसतेस. मी पहिल्यांदा सायकल शिकले ती हीच, दांडीखालून पाय घालून, अर्धं पायडल मारत, गणपती मंदिराच्या मागच्या रस्त्यावर. पडले तेव्हा आप्पांनी आधी मला उचललं, मग सायकल. हे मी मुद्दाम सांगते, कारण आई उलटं सांगते.

2005 च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. कित्येक वर्षांची साठवण, काढता काढता हाताला नुसता लगदा लागला. आमच्या घरात छातीइतकं पाणी होतं. आई आणि भाऊ विश्रामबागेत मावशीकडे गेले, आप्पा शेवटी निघाले. निघायच्या आधी त्यांनी सायकल पुढच्या खोलीच्या खिडकीच्या गजांना बांधली. पुढचं चाक, दांडी, मागचं चाक, तीन ठिकाणी, सुंभाच्या दोरीने. वाहून जाऊ नये म्हणून. माडी होती, वर नेता आली असती, पण माडीवर त्यांनी शेजाऱ्यांची धान्याची पोती चढवली होती आणि जागा उरली नव्हती. आठ-दहा दिवसांनी पाणी उतरलं. मी पुण्याहून गेले तेव्हा घरात घोट्याएवढा गाळ होता आणि सायकल गजांना तशीच बांधलेली, चिखलाने एकजीव झालेली, मातीची सायकल करावी तशी. आप्पांनी बाकी घराला हात लावायच्या आधी ती सोडवली. अंगणात उलटी केली. रॉकेलच्या डब्यात छर्रे टाकले, एकेक पुसून काढला, ग्रीस भरलं. चौथ्या दिवशी ते त्याच सायकलवरून मार्केट यार्डात गेले. नंतर अकरा वर्षं चालवली.

योखेनश्टाइनला दुपार झाली. इथे नदीत एक खडक आहे, त्याच्यावरून गावाचं आणि विजेच्या प्रकल्पाचं नाव. खडकाच्या तळाशी पाण्यात इझा नावाची जलपरी राहते अशी इथली गोष्ट आहे. डोळ्यांना मात्र दिसतो तो प्रकल्पच, 1950 च्या दशकात बांधलेला, जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या मधोमध, नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत. सायकल हातात धरून त्याच्यावरूनच पलीकडे जायचं. आम्ही वर थांबलो. एक लांबलचक मालवाहू बोट जलपाशात, म्हणजे बोटी वर-खाली करायच्या बंद हौदात, शिरली, मागचं दार बंद झालं आणि पाणी हळूहळू उतरायला लागलं. बोटीवरचा माणूस दोर हातात धरून भिंतीच्या आड खाली खाली जात राहिला, शेवटी त्याची फक्त टोपी दिसत होती. भिंतीवर ओला पट्टा उरला, काळा, चकाकणारा. सगळं ठरलेल्या वेळात, ठरलेल्या उंचीने. मला ते बघवेना आणि नजरही काढवेना. पाणी उतरणं म्हणजे माझ्या मनात कोयनेतून विसर्ग कमी झाला का, अलमट्टीचे दरवाजे किती उघडले, फुगवटा कुठपर्यंत आहे, यावर रात्री दोन वाजता चालणारं भाऊ आणि त्याच्या मित्रांचं फोनवरचं बोलणं. इथे खाली पाट्यांवर सगळं मांडलेलं, आणि तरी याच नदीने 2013 साली पासाउच्या त्या बाईंच्या डोक्यावरून पाणी नेलं होतं. धरणाच्या कठड्याला हात लावून मी उभी राहिले. खालच्या यंत्रांची थरथर तळव्याला लागत होती.

पलीकडे एंगेलहार्ट्सझेलला 1293 साली स्थापन झालेल्या मठाची वास्तू आहे. त्याच्या समोरच्या बाकावर बसून होलुंडरचं सरबत प्यायलो. पांढऱ्या फुलांचं असतं, गोड आणि किंचित गवतासारखं. शेजारच्या टेबलावर एक डच जोडपं होतं, आमच्याहून दहा वर्षांनी मोठं. कुठून आलात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आणि न विचारता पुढे सांगितलं की माझ्या गावाला मोठी नदी आहे, फार मोठी, आणि तिला पूर येतो. बाईंना त्यात फारसं काही वाटलं नसावं, त्यांच्या देशात पाण्याचं काय नवल. पण मला बरं वाटलं. सकाळपासून हे वाक्य मी पेडलच्या तालावर मनात म्हणत होते.

पुढचं वाक्य मात्र म्हटलं नाही.

2016 साली आप्पा गेले. सायकल पुढच्या खोलीत राहिली. भाऊ कधीतरी हवा भरायचा. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी माडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं. त्या वेळी सगळं इतकं भराभर झालं की भावाने आईला होडीतून काढलं तेच खूप. मी पुण्यात टीव्हीपुढे बसून होते, रस्ते बंद होते. पाणी उतरल्यावर त्याचा फोन आला. गल्लीत दोन्हीकडे ढीग लागले होते, गाद्या, सोफे, कपाटं, पुस्तकं, फुगलेले दरवाजे. महापालिकेच्या गाड्या, जेसीबी, भंगारवाले, सगळे एकाच वेळी. फोनमध्ये मागे त्यांचा आवाज येत होता. तो दमलेला होता, घसा बसला होता. म्हणाला, ताई, आप्पांच्या सायकलचं काय करू? ठेवायची का? मी क्षणभरही थांबले नाही. म्हणाले, टाक. आई बरी आहे ना? मग आम्ही आईचं बोललो, औषधांचं बोललो, पाण्याच्या टँकरचं बोललो. मला तेव्हा तो प्रश्नच चुकीच्या वेळी विचारलेला वाटला होता. इतकी माणसं रस्त्यावर आली असताना सायकलचं काय घेऊन बसलास, असं. आज वाटतं, त्याने विचारलं कारण त्याला एकट्याने ते ठरवायचं नव्हतं.

एंगेलहार्ट्सझेलनंतर नदी अरुंद होत जाते. दोन्हीकडे ग्रॅनाइटचे उभे डोंगर, त्यांना चिकटून गर्द झाडी. दुपारी समोरून वारा सुरू झाला. सपाट रस्त्यावर इतकं जोर लावायला लागेल असं वाटलं नव्हतं. मनगटं दुखायला लागली, मग मान, मग बैठक. नवरा माझ्यापुढे राहून वारा अडवत होता आणि दर थोड्या वेळाने मागे बघत होता. पाट्या 2195 च्या खाली गेल्या. बोलणं थांबलं, आकडेही मनातच. अशा वेळी सायकल एका विचाराभोवती फिरत राहते, आणि माझ्यासाठी तो विचार ते बारीक छर्रे होते. रॉकेलमध्ये पडताना त्यांचा येणारा आवाज. एकही हरवू नये म्हणून आप्पांनी खाली अंथरलेलं धोतर.

श्लोगनला नदी वळते. कठीण खडक समोर आला म्हणून ती जवळजवळ आल्या दिशेला उलटी फिरते आणि मग पुन्हा वाट काढते. खालून ते कळत नाही, फक्त समोर डोंगर येतो आणि वाटतं नदी संपली. मुक्कामाच्या ठिकाणी सामान टाकून आम्ही तासाभराने वरच्या टोकाला चढून गेलो. पाय थरथरत होते. वरून तो पूर्ण वळसा दिसला, हिरव्या कापडावर कुणी दोरी टाकावी तसा, आणि त्याच्या कडेने एक छोटी फेरीबोट दोन सायकली घेऊन पलीकडे चाललेली. दिवसभरात मीटरवर 43 किलोमीटर झाले होते. उद्या याच फेरीने आम्ही पलीकडे जाणार होतो. आम्ही अंधार पडेपर्यंत तिथे बसलो. नवरा म्हणाला, काय झालंय तुला सकाळपासून? मी त्याला सगळं सांगितलं. त्याला सायकल टाकल्याचं ठाऊक होतं, मी टाक म्हणाले होते हे ठाऊक नव्हतं.

खाली येऊन भावाला फोन लावला. सांगलीत रात्रीचे बारा वाजत आले होते. तो झोपेतून उठून घाबराच झाला. मी म्हटलं, सगळं ठीक आहे, एक विचारायचं होतं. आप्पांची सायकल कुणाला दिलीस? तो गप्प राहिला. मग म्हणाला, "पुढचं गेट वाकलं होतं ना, त्या लोखंडात गेली. वेगळी तोलली नाही." मी विचारलं, चाक फिरत होतं का? तो म्हणाला, "पुढचं फिरत होतं." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तिकडं पाणी किती आहे नदीला?" मी म्हटलं, पात्रात आहे.

मुक्कामाच्या मागे सायकली ठेवायची शेड होती, नदीपासून पन्नास पावलांवर. मी मोबाइलचा दिवा लावून तिथे गेले. आमच्या दोन सायकली शेवटी, एकमेकींना टेकून. भिंतीवर दिवा फिरवला. रेघ होती, वर्ष नव्हतं, साधी पाण्याने सोडलेली मळकट खूण, माझ्या खांद्याच्या वर. बाहेर आकाश स्वच्छ होतं, चांदण्या होत्या, पावसाचा मागमूस नव्हता. शेडच्या बाजूने दगडी जिना इमारतीच्या वरच्या व्हरांड्यात जात होता. मी नवऱ्याला हाक मारली. तो स्लिपरांवरच आला. मी माझ्या सायकलचं पुढचं चाक धरलेलं त्याने पाहिलं, एकदा जिन्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता त्याने मागचं चाक धरलं.